‘गाभ्रीचा पाऊस’ कसा सुटला?

रविवारच्या पुरवणीतील दुर्लक्षित मराठी चित्रपटांवरील लेखात सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’चा (२००९) उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर धास्तावलेली अलका नवऱ्याला गोडधोड करून घालते, मुलाला आणि सासूला त्याच्यावर पाळतीला बसवते. प्रेक्षक हसतो आणि हसल्याबद्दल ओशाळतो. सोनाली कुलकर्णी व गिरीश कुलकर्णी कुठेही रडारड करत नाहीत. याच विषयावरचा ‘पीपली लाइव्ह’ वर्षभराने आला, आमिर खान निर्माते असल्याने गाजलाही. पण त्याचा रोख माध्यमांवर होता. विदर्भातल्या घरातली रोजची भीती मनवरांनीच दाखवली. पुरवणीच्या पुढील लेखात तरी त्यांना जागा मिळावी.

– एक वाचक, यवतमाळ