शिबिराचे उद्घाटन शेवटच्या दिवशी करा

संपादक महोदय,

मे महिना लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलग्यांच्या निवासी शिबिरांचे फलक चौकाचौकांत दिसू लागतात. येऊर, बदलापूर, मुरबाड, कर्जत, वय दहा ते चौदा, पाच-सहा दिवस. बहुतेक फलकांवर एक ओळ ठरलेली असते : 'सकाळी अकरा वाजता मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन'. आमचा आक्षेप या एका ओळीला आहे.

अकराचे उद्घाटन प्रत्यक्षात साडेबाराला होते. पाहुण्यांची गाडी शिळफाट्यावर अडकलेली आणि पन्नास-साठ मुले मांडवात बसलेली. मांडवावर हिरवी जाळी असते. तिने ऊन अडते, उकाडा नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. किनारपट्टीच्या भागात हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी ३७ अंशांपासून विचार करते, मैदानी भागात ४० पासून, हे आयोजकांनी लक्षात ठेवावे. पहाटे कपभर दुधावर निघालेल्या मुलाचे डोके दुसऱ्या भाषणाला दुखू लागते आणि तिसऱ्याला तो ओकतो. मग सगळे म्हणतात, बस लागली.

आणि नेमके हेच तास पहिल्या दिवशी हाताशी हवे असतात. बस साडेपाचला सोडावी, म्हणजे गर्दीआधी मुंब्रा बायपास पार होतो. मुले मोजायची ती बसमध्ये चढल्यावर, वाटेत थांबून पुन्हा निघताना आणि मुक्कामी उतरल्यावर. दोघांनी वेगवेगळी मोजावीत आणि आकडा जुळला तरच पुढे जावे. एकाने मोजले आणि दुसऱ्याने 'बरोबर' म्हटले, ही मोजणी नव्हे.

उतरल्यावर आधी पाणी, मग संडास कुठे आहे ते दाखवणे. तंबू, गट, खेळ हे सगळे नंतर. संडासाबद्दल आयोजक बोलायला लाजतात, पण तिसऱ्या दिवशी पोट धरून बसणारी बरीच मुले बद्धकोष्ठाची असतात. घरी कमोडची सवय, इथे उकिडवे बसायचे, दाराची कडी लागत नाही, बाहेर रांगेतली मोठी मुले दार वाजवतात. मग मुलगा दोन दिवस जातच नाही, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितो. उपाय साधे आहेत : दहा मुलांमागे एक संडास, आतून लागणारी कडी, बादली आणि मग्गा, नळाला जाळीत बांधलेला साबण, आणि लहान मुलांची वेळ मोठ्यांच्या आधी.

पिण्याचे पाणी दर मुलामागे दिवसाला तीन लिटर धरा. साठ मुलांना १८० लिटर, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार, आणि हे स्वयंपाकाचे सोडून. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि पाणी गढूळ येते. गढूळ पाण्यात क्लोरीनचा परिणाम नीट होत नाही. ते आधी निवळून, फडक्याने गाळून, मग खळाखळा उकळावे. ओआरएसचे (जलसंजीवनीचे) मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे असते. पेलाभर पाण्यात सगळे ओतणारे कार्यकर्ते आहेत. ते घट्ट मिश्रण मुलाला अपायच करते.

त्यानंतर औषधांचे टेबल. पालकांकडून आलेली प्रत्येक गोळी नाव आणि वेळ लिहिलेल्या पिशवीत, एकाच जबाबदार माणसाकडे. याला अपवाद दम्याच्या पंपाचा. तो मुलाच्या खिशातच हवा. कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असलेला पंप रात्री दोन वाजता कामाचा नाही. अर्जात एक प्रश्न हमखास गाळला जातो : मुलगा रात्री अंथरूण ओले करतो का? दहा-अकरा वर्षांच्या काही मुलांना हा त्रास असतो आणि पालक लपवतात. आधी कळले तर त्याची जागा दाराजवळ ठेवता येते, गटाच्या दादाला स्वतः झोपण्यापूर्वी त्याला एकदा उठवता येते, जादा चादर गुपचूप बदलता येते. न कळल्यास सकाळी अख्ख्या गटाला कळते, आणि दुपारपर्यंत त्या मुलाला टोपणनाव पडलेले असते.

तंबू चार वाजल्यानंतर. मेमधली मुरमाड जमीन इतकी टणक असते की खुंट्या वाकतात. आदल्या संध्याकाळी त्या जागी पाणी मारून ठेवावे. कोरड्या ओहोळात तंबू लावू नये. वळवाची एक सर पुरते. जमिनीवर झोपायचे तर मच्छरदाणी आणि तिच्या कडा सतरंजीखाली खोचलेल्या हव्यात, कारण मण्यार ही विषारी सापाची जात रात्रीच फिरते आणि तिचा दंश बरेचदा दुखत नाही, सुजत नाही. चावलेली जागा कापू नये, आवळून बांधू नये. अवयव न हलवता थेट रुग्णालय आणि १०८. प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे हे शिबिराच्या आठवडाभर आधी स्वतः जाऊन विचारलेले असावे. येऊरसारख्या जंगलालगतच्या ठिकाणी उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

घरची आठवण येते ती दिवेलागणीला आणि अंथरुणावर पडल्यावर. त्या वेळी हात रिकामे नसावेत. पहिल्या रात्री पालकांनी फोन करू नये. हसतखेळत जेवलेला मुलगा आईचा आवाज ऐकून रडायला लागतो आणि मग त्याच्या शेजारचा. ताप असेल, लागले असेल, तर शिबिराने आपणहून फोन करावा, आणि तसे करू हे पालकांना निघतानाच सांगावे.

पाहुण्यांचा मान राखायचा असेल तर त्यांना शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला बोलवा. पालक आलेले असतात, ऊन उतरलेले असते, आणि मुलांकडे दाखवायला काही असते. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी पहिल्या दिवसाचे वेळापत्रक लेखी मागावे. त्यात सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात भाषण असेल, तर पाणी आणि औषधांचे टेबल किती वाजता, हे विचारावे.

– शिबिरांत काम करणारे काही कार्यकर्ते, ठाणे (प.)