आधी क्लास बघ

ठाणे, रविवार

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

‘जिझेल’ या बॅलेचं तिकीट काढलंस आणि त्याच दिवशी दुपारच्या प्रयोगाआधी स्टेजवर होणारा कंपनीचा क्लास बघायची परवानगीही मिळवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. “आई, क्लासमध्ये बघायचं काय असतं? नुसता सराव ना तो?” असं तू विचारलंयस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सावकाश लिहितेय.

दोन्हींपैकी एकच बघता येणार असतं, तर मी तुला क्लासलाच जा म्हटलं असतं. प्रयोगात नायिका जिझेल दिसते, नायक अल्ब्रेख्त दिसतो, पोशाख आणि दिवे दिसतात. क्लासमध्ये तीच माणसं विटलेल्या टी-शर्टमध्ये, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे चढवून उभी असतात आणि तो सगळा नाच कशाकशाचा बनलाय ते उघड्यावर मांडलेलं असतं. मला त्याचीच ओढ आहे.

लवकर जाऊन बस. स्टेजवर सुटे बार, म्हणजे सरावात आधाराला धरायच्या आडव्या दांड्या, मांडलेले असतील. कोणी जमिनीवर पसरून मांड्या मोकळ्या करत असेल, कोणी पोटरीखाली चेंडू फिरवत असेल, एखादी भिंतीला टेकून शूजना रिबिनी शिवत असेल. पॉइंट शूजच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या शूजच्या, टोकात लाकूड असतं असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. लाकूड नसतं. कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून ते टोक कडक केलेलं असतं. नवा जोड इतका ताठ असतो की मुली तो आधी जमिनीवर आपटतात, तळवा हाताने वाकवतात, टोकाला जाड दोऱ्याने शिवण घालतात. प्रत्येकीची रीत वेगळी. आणि एवढं करून मोठ्या भूमिकेत तो जोड एका प्रयोगातच मऊ पडून निकामी होऊ शकतो. म्हणून हे शिवणकाम कधी संपतच नाही.

मग शिक्षक येतात आणि पहिला क्रम सांगतात. अर्धा तोंडाने, अर्धा हातांनी. यावर नीट लक्ष ठेव, कारण मला संपूर्ण क्लासमध्ये सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. समोरचे नर्तक तो क्रम पायांनी करून बघत नाहीत, हातांनी करतात. दोन तळवे म्हणजे दोन पावलं. एक हात पुढे सरकतो, बोटं ताणली जातात, मनगट बाहेर वळतं, हात परत जागेवर येतो. एवढी माणसं निमूट उभी राहून हातांनी पायांचं बोलत असतात. बहुतेक वेळा क्रम एकदाच सांगितला जातो. पियानोवर सुरुवातीच्या चार मात्रा पडतात आणि सगळे एकदम सुरू. उजवी बाजू झाली की वळून डावी. डावीकडचा क्रम वेगळा सांगत नाहीत, तो त्यांनी मनात उलटा करून घ्यायचा असतो.

पहिला प्लिए असतो, म्हणजे मांड्या बाहेर वळवून गुडघे वाकवणं. नौपाड्यातल्या तुझ्या भरतनाट्यमच्या क्लासबाहेर मी पॅसेजमध्ये बसायचे तेव्हा ‘तैया तै’ आणि बाईंची पाटावर पडणारी काठी ऐकू यायची. एकच अडवू, म्हणजे पायांचा मूळ धडा, तीन लयींत, आणि अरमंडी, म्हणजे गुडघे वाकवलेली अर्धी बैठक, जरा वर आली की काठी थांबायची. तेव्हा तुझ्या मांड्या किती दुखायच्या ते आठव, म्हणजे स्टेजवर काय चाललंय ते तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. दोन्हीकडे गुडघे बाहेर उघडतात ते कमरेच्या खुब्यातून. पण तू त्या बैठकीत राहून जमिनीवर पाय मारायचीस. इथे वाकायचं ते जमीन सोडण्यासाठी आणि परत येताना तिला अलगद भेटण्यासाठी. प्लिए पक्का नसेल तर पुढची एकही उडी धड होत नाही.

प्लिएनंतर तांद्यू. पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा, टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटांची टोकं तेवढी टेकलेली राहतात, आणि त्याच वाटेने परत. दिसायला काहीच नाही. मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शनिवारी शेजारच्या अन्वीला बॅलेला सोडायला जाते आणि शिक्षिकेला विचारून मागच्या खुर्चीवर बसते. फरशीवर अंथरलेली मॅट, पाइपचा सुटा बार आणि आठ वर्षांची अन्वी जीभ दातांत धरून तोच तांद्यू करत असते. तिथल्या बाई उड्या मोजक्याच घेऊ देतात, कारण फरशी धक्का सोसत नाही, तो सगळा पोरांच्या गुडघ्यांत आणि नडगीत जातो. मोठ्या कंपन्यांच्या हॉलमध्ये जमिनीला मुद्दाम थोडा लवचीकपणा ठेवलेला असतो, ती उडीखाली जराशी दबते. अन्वीला पॉइंट शूज आत्ताच हवेत. बाई ठाम नाही म्हणतात. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि घोट्यात नि पाठीपोटात पुरेसं बळ आल्याशिवाय, कुठलाही जबाबदार शिक्षक ते पायात घालू देत नाही. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. फी भरणाऱ्या पालकांसमोर ‘अजून काही वर्षं थांबा’ म्हणणं सोपं नाही.

या पोरांकडे बघताना मला अमिरुद्दीन शाह आठवतो. मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, येहूदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकांच्या हाताखाली शिकला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. हे इथून होऊ शकतं, हे त्याने दाखवून दिलंय.

तर, तांद्यू. लंडनच्या रॉयल बॅले कंपनीचा क्लास ऑनलाइन दाखवतात तेव्हा मी मारियानेला नुन्येसला शोधते. ब्यूनोस आयर्सची मुलगी, २००२ पासून तिथे प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची नर्तकी. इतक्या वर्षांनंतरही तिचा तांद्यू अर्धवट नसतो. पायाचा कमानीसारखा तळवा पूर्ण ताणला जातो, मान त्याच्याबरोबर वळते, नजर हातापर्यंत जाते. शेजारचा अंग गरम होईपर्यंत जपून करत असतो, तेही बरोबरच आहे, प्रत्येकाला आपलं शरीर माहीत असतं. पण तिचा प्रत्येक तांद्यू जणू प्रेक्षकांसाठी असतो. मी तिची चाहती झाले ती यामुळे. तिचं ‘स्वान लेक’ नंतर बघितलं.

तुला आठवतं ना, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला वर्ल्ड बॅले डे झाला होता? मेलबर्न, मॉस्को, लंडन, टोरांटो आणि सान फ्रान्सिस्कोच्या कंपन्यांचे क्लास एकापाठोपाठ थेट दाखवले. आपल्याकडे सकाळच्या चहाला मेलबर्न आणि दुपार कलल्यावर लंडन. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पृथ्वीच्या पाठीवर कुठेही गेलं तरी क्रम साधारण तोच, शब्द तेच फ्रेंच, आणि तरीही मॉस्कोची पाठ वेगळी आणि लंडनची मान वेगळी. मग २०२०. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या संचालिका तमारा रोहो आपल्या स्वयंपाकघरातून क्लास घ्यायच्या. जगभरच्या नर्तकांनी घरातल्या खुर्च्या नि ओटे धरून अंग राखलं. आपल्या ओट्याला धरून मीही प्लिए करायचे, तू अभ्यास सोडून माझी टाच सरळ करायला यायचीस. ते दिवस वाईट होते, पण त्यातली ही सकाळची वेळ मी कधी विसरणार नाही.

बार चालू असताना सगळ्यांची नजर हवेतल्या पायावर जाते. तू उभ्या पायाकडे बघ. वरचा पाय कितीही उंच जाऊ दे, खालचा घोटा डळमळतोय का, कंबर त्या बाजूला झुकतेय का, बारवरचा हात नुसता टेकलाय की आवळलाय, ते बघ. शिक्षक एखाद्या मोठ्या नर्तकाला दुरुस्ती सांगतील, तेव्हा त्याच्याकडे न बघता मागच्या ओळीकडे बघ. तिथली पोरं गुपचूप आपापला खांदा खाली घेतात, बरगड्या आत घेतात. सांगितलेलं एकाला, घेतलेलं सगळ्यांनी.

अंग तापत जाईल तसे मोजे, जाकिटं, घोळदार विजारी उतरत जातील. बार बाजूला सरकवतील आणि मग मधे येऊन सगळं आधाराशिवाय. आधी अडाज, म्हणजे पाय सावकाश उचलून तोल सांभाळायच्या संथ हालचाली, मग गिरक्या, मग छोट्या उड्या, शेवटी मोठ्या. छोट्या उड्यांना डोळ्यांइतकाच कान दे. तुम्ही जवळ बसलेले असाल, त्यामुळे पाय टेकण्याचा आवाज ऐकू येईल. चांगल्या नर्तकाची उडी वर जाताना जेवढी बघावी तेवढीच उतरताना ऐकावी. बोटं, चवडा, टाच, प्लिए, सगळं क्षणात पण एकामागून एक. हे चुकलं तर काय किंमत पडते ते त्या लोकांना माहीत असतं, आणि कधीकधी काहीही न चुकता पडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘मॅनॉन’ या बॅलेच्या प्रयोगात रंगमंचावरच रॉयल बॅलेचे नर्तक स्टीव्हन मॅकरे यांच्या टाचेमागचा अकिलिस टेंडन तुटला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ते त्याच रंगमंचावर रोमिओ होऊन परत आले. मधल्या काळात हेच केलं असणार, वाकणं आणि सरळ होणं, रोज.

पियानोवादकाला विसरू नकोस. प्लिएला संथ, फ्रापेला, म्हणजे पाय झटक्यात बाहेर फेकण्याला, टोकदार, मोठ्या उड्यांना तीन मात्रांचा वॉल्ट्झ, आणि शिक्षक ऐनवेळी लय बदला म्हणाले तर तीही. बरेच जण मधेच एखाद्या सिनेमाची ओळखीची धून गुंफतात आणि पाय हवेत असतानाच कोणाला तरी हसू फुटतं. शेवटी सगळे वाकून नमस्कार करतात आणि टाळ्या वाजवतात, त्या शिक्षकांना आणि पियानोलाही.

आता ‘जिझेल’. १८४१ साली पॅरिसला पहिल्यांदा झालं, संगीत आडोल्फ आदामचं. गोष्ट तुला वाचायला मिळेलच: खेड्यातली कमजोर हृदयाची मुलगी, वेश पालटून आलेला सरदार अल्ब्रेख्त, फसवणूक, वेड, मृत्यू. दुसऱ्या अंकात लग्नाआधी मेलेल्या मुलींचे आत्मे, विली, रात्री जंगलात पुरुषांना मरेस्तोवर नाचवतात. तिकीट वरच्या बाल्कनीचं मिळालं म्हणून हळहळू नकोस. विलींचे दोन गट अराबेस्कमध्ये, म्हणजे एक पाय मागे ताणून, दुसऱ्या पायावर छोट्या उड्या घेत समोरासमोरून येतात आणि एकमेकांतून पार होतात, तो नक्षीचा खेळ वरूनच नीट दिसतो. त्यात एकीचंही नाव कोणी लक्षात ठेवत नाही. एक पाय मागे धरलेला, सगळं वजन दुसऱ्यावर, आणि ओळ तसूभर वाकडी व्हायला नको. मला तो भाग नायिकेच्या नाचापेक्षाही अवघड वाटतो.

व्हायोला वाजू लागला की जिझेल एक पाय अगदी सावकाश बाजूला उलगडत नेते. सकाळच्या अडाजमध्ये तू हेच बघितलेलं असशील, विटलेल्या टी-शर्टात. आणि अल्ब्रेख्त थकून कोसळण्याआधी जागच्या जागी उड्या घेत पाय हवेतच एकमेकांना झटपट लावतो, काही प्रयोगांत तिरक्या रेषेत उड्या घेत जातो. क्लासच्या छोट्या उड्यांमध्ये ते कोण सहज करत होतं, ते ओळखायचा प्रयत्न कर. बहुतेक मागच्या ओळीतलाच कोणीतरी निघेल.

बाबा म्हणताहेत, थिएटरात गारवा असतो, शाल ने. क्लास संपला की प्रयोगाआधीच्या वेळात जे आठवेल ते वहीत उतरवून काढ, कारण प्रयोग बघितला की आधीचं पुसट होतं. आणि पियानोवर काय काय वाजलं तेही मला लिही.

तुझी,
आई