डोंगरातले घर घेण्याआधी पाण्याची चौकशी करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डोंगरातल्या छोट्या वस्तीत आपले एक घर असावे, असे अनेकांना वाटू लागले आहे. वास्तू-पुरवण्यांमधून अशा घरांबद्दल भरपूर छापून येते, पण त्यात दरीचे दृश्य, हवेतला गारवा आणि चौरस फूट यापलीकडे फारसे काही नसते. ही घरे बांधणारे आणि दुरुस्त करणारे पहिला प्रश्न वेगळाच विचारतात : इथे पाणी येते कुठून आणि जाते कुठे? उतारावरची घरे खचतात, भिंती फुगतात, नळ फुटतात, शेजाऱ्यांची भांडणे होतात. यांतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणीच असते. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

घर पाहायला माणसे छान हवेच्या दिवशी जातात. खरे तर ते दोनदा पाहावे. एकदा कोरड्या मोसमाच्या अगदी शेवटी आणि एकदा मुसळधार पावसात किंवा बर्फ वितळत असताना. पहिल्या फेरीत झरा मोजावा. झऱ्याच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. ५० सेकंद लागले, तर मिनिटाला १२ लिटर म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर झाले. हा आकडा पाहून खूश होऊन पावती फाडू नये. तोच झरा कोरड्या मोसमाअखेरीस बादली भरायला दहा मिनिटे घेऊ शकतो. मग हातात येते दिवसाला १,४४० लिटर. माणशी १०० लिटर धरले तर ते १४ माणसांना पुरते, आणि झऱ्यावर हक्क सांगणारी घरे किती आहेत हे अजून विचारायचेच असते. झरा रात्रभर वाहतो, पण नळ सकाळीच उघडतात. त्यामुळे निदान एका दिवसाचे पाणी मावेल एवढी साठवण टाकी असल्याखेरीज हा हिशेब जमत नाही.

झरा वर आणि घर खाली असेल तर पंप लागत नाही. ही सोय मोठी, पण तिची दुसरी बाजू दाबाची आहे. दर १० मीटर उतरणीला सुमारे १ बार (म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) दाब वाढतो. टाकी घरापेक्षा ८० मीटर उंचावर असेल, तर रात्री सगळे नळ बंद झाल्यावर पाइपात ८ बार दाब उभा राहतो. घरातले नळ, फ्लशचे व्हॉल्व्ह, गीझर यांना एवढा दाब सहसा झेपत नाही. सांधे रात्री सुटतात आणि सकाळी कोणाला कारण कळत नाही. उपाय सोपा आहे. वाटेत दर ३०-४० मीटर उतरणीवर एक छोटी उघडी टाकी बांधून तिला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह) लावला, की दाब तिथे तुटतो. दुसरा घोटाळा हवेचा. पाइप उंचवट्यावरून वर जाऊन पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या माथ्यावर हवा अडकते आणि नळाला करंगळीएवढी धार उरते. लोक झऱ्याला दोष देतात, नवा पाइप टाकतात, आणि धार आहे तेवढीच राहते. माथ्यावर एअर व्हॉल्व्ह आणि सगळ्यांत सखल जागी गाळ सोडण्याचा व्हॉल्व्ह हवा.

पाणी खालच्या ओढ्यातून उचलायचे असेल, तर पंप पाण्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. पंप पाणी ओढतो म्हणजे खरे तर हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि उंचावर हा दाबच कमी असतो. समुद्रसपाटीला ओढीची सैद्धांतिक मर्यादा १० मीटरच्या थोडी वर आहे. २,००० मीटर उंचीवर ती सुमारे ८ मीटर राहते आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते. सपाटीवर नीट चालणारा पंप डोंगरात कोरडा फिरून जळतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आता पाणी जाते कुठे, हा भाग. नवख्यांचे जास्तीत जास्त नुकसान इथेच होते.

उतारावर सपाट जागा करण्याची नेहमीची रीत म्हणजे वरची बाजू तासायची आणि निघालेली माती खालच्या बाजूला टाकायची. मग घराचा मागचा अर्धा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर उभा राहतो आणि पुढचा, दृश्याचा, अर्धा भाग भरावावर. मूळ जमीन दबत नाही, भराव दबतो. अशा घरात खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर किंवा खाली गेलेली भेग दिसते आणि पुढच्या खोलीची फरशी दरीकडे कललेली असते. गोटी ठेवून पाहिली की कल लगेच समजतो. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांत टाकून, प्रत्येक थर ओला करून ठोकलेला असेल तर तो अंगण आणि वाट पेलतो. भिंतींचा पाया मात्र पायऱ्या-पायऱ्यांनी मूळ जमिनीपर्यंत उतरलेलाच हवा. एका धक्क्यात लोटून दिलेल्या भरावावर घर बांधले असेल, तर रंगरंगोटी कितीही सुंदर असली तरी ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या भरावाला धरून ठेवणारी भिंत नीट पाहा. भिंतीला माती जेवढी ढकलते त्याहून तिच्यामागे तुंबलेले पाणी घातक. ३ मीटर उंच भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचा सुमारे साडेचार टन रेटा येतो. मातीचा रेटा वेगळाच. म्हणून भिंतीला ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली भोके हवीत, आडवी-उभी साधारण दर दीड मीटरवर. भिंतीमागे ३० सेंटिमीटर जाडीचा फोडलेल्या दगडाचा थर, आणि तो थर व माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड. कापड विसरले की दोन-तीन पावसाळ्यांत माती दगडांत शिरते आणि भोके बुजतात. दुसऱ्या फेरीत, भर पावसात, याच भोकांकडे पाहायचे. ती ठिबकत असतील तर भिंत तिचे काम करते आहे. भोके कोरडी आहेत, पण भिंतीवर मध्येच ओलीचा पट्टा उमटला आहे आणि पोट थोडे पुढे आले आहे, असे दिसले तर पाणी आत कोंडले आहे.

जुनी, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत दिसली की नवे मालक तिला ‘पक्की’ करायला निघतात आणि सांधे सिमेंटने लिंपतात. कृपा करून हे करू नका. ती भिंत टिकली ती सांध्यांमधून पाणी झिरपत राहिले म्हणून. लिंपल्यावर ती फुगायला वेळ लागत नाही.

छपराचे पाणी हा वेगळा हिशेब. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर म्हणजे १० टन पाणी एका दिवसात उतरते. पन्हळीचा पाइप कोपऱ्यात नुसता मोकळा सोडलेला असेल, तर ते सगळे भरावात मुरते. ते बंद पाइपाने नैसर्गिक ओढ्यापर्यंत नेले पाहिजे, खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर सोडून चालणार नाही. घराच्या वरच्या अंगाला, तासलेल्या कड्याच्या माथ्यापासून काही अंतर मागे, उतारावरून येणारे पाणी वळवणारा चर हवा, आणि तो पक्क्या तळाचा हवा. तळाला भेग पडलेला चर हा चर नसण्यापेक्षा वाईट, कारण सगळ्या उताराचे पाणी गोळा करून तो नेमके एकाच जागी जमिनीत पाजतो. पावसाआधी चरातला पाला काढणे आणि भेगा बुजवणे हे दरवर्षीचे काम आहे.

सांडपाण्याचेही असेच. सपाटीवर चालणारा खोल शोषखड्डा उतारावर उलटतो आणि त्यातले पाणी थोडे खाली जाऊन बाहेर फुटते. त्याऐवजी उताराला आडवे, समपातळीत जाणारे उथळ लांब चर घ्यावेत. ते आधाराच्या भिंतीपासून दूर आणि पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यापासून किमान ३० मीटरवर असावेत, शक्यतो झऱ्यापेक्षा खालच्या अंगाला. सेप्टिक टाकी उपसणारी गाडी तिथवर पोहोचते का, हेही आधीच पाहून ठेवावे.

उतार सरकू लागला तर तो आधी खुणा देतो. दरवाजे अचानक घासू लागतात, विजेचे खांब आणि कुंपण कलते, झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ वर गेलेले दिसतात. स्वच्छ झरा गढूळ होतो, किंवा तो आटून खाली भलत्याच जागी नवा पाझर फुटतो. भिंतीतली भेग वाढते आहे का, हे नजरेने कळत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोकावा, त्यांमधले अंतर मोजून तारखेसह भिंतीवरच लिहावे आणि दर महिन्याला पुन्हा मोजावे. ऋतूप्रमाणे पुढे-मागे होणारी भेग चालते. एकाच दिशेने वाढत जाणारी चालत नाही. घराच्या वरच्या जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडली असेल, तर ती चिकणमातीने बुजवून वर प्लास्टिक अंथरावे म्हणजे पाणी आत जाणार नाही, भूवैज्ञानिकाला बोलवावे, आणि तोवर पावसाच्या रात्री त्या घरात झोपू नये. स्वित्झर्लंडमधले ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी हिमनदी आणि खडक कोसळून जवळजवळ पूर्ण गाडले गेले. तिथल्या सुमारे ३०० रहिवाशांना काही दिवस आधीच बाहेर काढले होते, कारण वरच्या कड्यावर सतत मोजमाप चालू होते.

उंच आणि थंड प्रदेशात पाणी गोठण्याचा प्रश्न येतो. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, पण पाइप बहुधा बर्फ झाला तिथेच फुटतो असे नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि तिथे फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक चालू ठेवतात. घर बंद करून जायचे असेल तर आधी गीझरची वीज बंद करावी, नाहीतर रिकाम्या टाकीत कॉइल जळते. मग जमिनीत खोल असलेला मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यांत खालचा नळ उघडायचा, नंतर सगळ्यांत वरचा, म्हणजे वरून हवा शिरून पाणी पूर्ण उतरते. गीझर त्याच्या स्वतःच्या निचऱ्याने रिकामा करावा, फ्लशच्या टाकीत उरलेले पाणी स्पंजाने टिपून घ्यावे. बेसिन आणि मोरीच्या वाकड्या पाइपात पाणी राहतेच. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, नळकामासाठी मिळणारे गोठणरोधक ओतावे. मोटारीचे सहसा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. परत आल्यावर पाणी हळूहळू भरायचे, वरचा नळ उघडा ठेवून, आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच गीझर चालू करायचा.

बर्फ पडणाऱ्या ठिकाणी छपराचा विचार वजनाने करावा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून हलका असतो, पण बसलेला बर्फ २०० ते ३०० किलो. १०० चौरस मीटर छपरावर मीटरभर बसलेला बर्फ म्हणजे २० ते ३० टन, आणि त्यावर पाऊस पडला तर तो हे पाणीही स्पंजासारखे धरून ठेवतो. लाकडावर शेगडी पेटत असेल तर लाकूड निदान वर्षभर वाळलेले हवे, धुराडे दरवर्षी झाडलेले हवे, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र हवेच हवे. रानात वणवा लागतो अशा भागात घराभोवतीचा पहिला दीड मीटर पाला, सरपण आणि गवत यांपासून पूर्ण मोकळा ठेवावा.

शेवटी कागद. छोट्या वस्तीत पाण्याचा पाइप तीन-चार जणांच्या जमिनीतून येतो आणि रस्ता अनेकदा कोणा एकाचा असतो. ‘इथे कोणी अडवत नाही’ हे तोंडी आश्वासन जमीन विकली गेली की संपते. पाइप नेण्याचा आणि दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क, पाण्याच्या पाळ्या किंवा वाटा, टाकी कोण धुणार, दरड किंवा बर्फ कोण आणि कोणाच्या खर्चाने हटवणार, रस्त्याची रुंदी किती, हे खरेदीखतात किंवा त्याला जोडलेल्या करारात लिहून घ्या. अग्निशमनाची गाडी आणि पाण्याचा टँकर यायचा तर रस्ता साडेतीन मीटर तरी हवा, आणि गाडी वळवायला जागा हवी.

ही कामे करायला वस्तीत माणसे असावी लागतात. वर्षातले दहा महिने बंद असणारी घरे वाढली, की चर साफ करायला आणि टाकी धुवायला हात उरत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली मतदारांनी अशा दुय्यम घरांचे प्रमाण कोणत्याही गावात २० टक्क्यांपुरते मर्यादित ठेवण्याचा कौल दिला. बंद घरातला फुटलेला पाइप आठवडेच्या आठवडे जमिनीत पाणी सोडत राहतो, आणि खचते ते खालच्या माणसाचे घर.

आपल्या पुरवणीत अशा घरांवर लिहिताना कोरड्या मोसमातला झऱ्याचा प्रवाह, पाया कशावर आहे, पाण्याचा निचरा कुठे होतो आणि रस्त्याचा हक्क लेखी आहे का, या चार गोष्टी कृपया छापाव्यात. आणि ज्यांचे घर आधीच आहे त्यांना विनंती की कुलूप लावण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, तो कुठे आहे आणि कोणत्या दिशेने फिरतो हे कागदावर काढून दाराच्या आत चिकटवा, आणि एक किल्ली बारमाही राहणाऱ्या शेजाऱ्याकडे ठेवा.

आपले,
डोंगरउतारावरील घरांच्या बांधकाम-दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक