बाईंना, योहानाच्या अकराव्या अध्यायाबद्दल

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पप्पा प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्यानंतर मी जेव्हा जेव्हा आपले आभार मानू लागले, तेव्हा आपण एकतर आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत किंवा चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात गेलात. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. त्याला आणखीही एक कारण आहे. ठाण्यात, कळव्यात, खाडीपलीकडे ऐरोली-वाशीत आपल्या मंडळीतील कितीतरी घरांमध्ये आज कोणीतरी अंथरुणाला खिळलेले आहे, आणि त्यांच्या भेटीला जाणाऱ्यांना उशाशी बसून काय बोलावे हे सुचत नाही. आपण आमच्या घरी काय केलेत ते अशा लोकांना कळावे, असे मला मनापासून वाटते.

पप्पांची फुप्फुसे निकामी होत चालली आहेत आणि आता औषधाने फारसा फरक पडणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर आम्ही त्यांना कोपरीच्या घरी आणले. ऑक्सिजनचे यंत्र पलंगाशेजारी रात्रंदिवस घरघरत असे. भेटायला येणारे प्रेमाने येत. बहुतेक जण प्रार्थना करून, फळे ठेवून जात. मात्र दूरच्या नात्यातील एका गृहस्थांनी पलंगापाशी उभे राहून सांगितले की, घरात विश्वास कमी पडतो आहे, नाहीतर हा आजार एव्हाना उतरला असता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात रविवारची उपासना चुकवली नाही, त्याला हे ऐकावे लागले. पप्पा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री मी नेहमीप्रमाणे शास्त्र वाचायला घेतले तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितले.

त्यानंतरच्या गुरुवारी आपण आलात. वर्तकनगरहून बस बदलून, भर पावसात, पिशवीत प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये गुंडाळलेले पवित्र शास्त्र घेऊन. त्या पुस्तकाचा कणा आपण कधीतरी निळ्या साडीच्या काठाने शिवून घेतला आहे, आणि समासात पेन्सिलीने इतके बारीक लिहिले आहे की काही पानांवर मूळ मजकुराहून समासच भरलेला दिसतो. मी त्या गृहस्थांचे बोलणे दारातच आपल्या कानावर घातले होते. आपण त्यांच्याविषयी एक अक्षरही वाईट बोलला नाहीत. आपण पप्पांना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय वाचून दाखवलात: प्रेषित पौलाने शरीरातील काट्यासाठी, म्हणजे अंगातल्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि उत्तर मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. मग तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी असलेले, कोणी सहसा लक्ष न देणारे वाक्य आपण दाखवलेत की, त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने आपल्या या सोबत्याला मिलेत शहरात मागे ठेवले. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊनही इफिसात लोक बरे होत होते असे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्या पौलाला आपला सोबती आजारीच सोडून पुढे जावे लागले. मग त्या दोघांपैकी कोणाचा विश्वास कमी होता, असे आपण पप्पांना विचारलेत. पप्पांना हा त्रफिम फार भावला. पुढे कोणी तब्येत विचारली की ते म्हणत, ‘मिलेतात आहे अजून.’

त्या दिवसापासून आपण योहानाचे शुभवर्तमान, अकरावा अध्याय, सुरू केलात, आणि बाई, तो अध्याय आपण ज्या सावकाशीने वाचलात त्याबद्दलच हे पत्र मुख्यतः आहे. मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत लाजराची, म्हणजे मेल्यावर येशूने कबरेतून जिवंत बाहेर बोलावलेल्या माणसाची, गोष्ट ऐकत आले होते, आणि बहुतेक सगळे शिक्षक घाईघाईने कबरेपर्यंत पोचत. आपण पाचव्या आणि सहाव्या वचनापाशीच एक अख्खी दुपार थांबलात. येशूची मार्था, तिची बहीण व लाजर यांच्यावर प्रीती होती, असे पाचवे वचन म्हणते. आणि लाजर आजारी असल्याचे कळल्यावर तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, असे लगेच सहावे वचन म्हणते. पप्पांनी धापा टाकत विचारले, ‘मग थांबला का?’ आपण उत्तर दिले नाहीत. ही दोन वचने योहानाने शेजारी शेजारी ठेवली आहेत, त्यांच्यामधली प्रीती पुसून टाकता येत नाही आणि उशीरही पुसून टाकता येत नाही, एवढेच आपण म्हणालात आणि पप्पांबरोबर तो प्रश्न तसाच राहू दिलात. उत्तर देण्याची घाई न करणारी माणसे मला आयुष्यात फार थोडी भेटली आहेत, आणि आजाऱ्याला नेमकी त्यांचीच गरज असते असे माझे ठाम मत झाले आहे.

पुढच्या खेपेस आपण दोघी बहिणी दाखवल्यात. मार्था गावाबाहेर येऊन म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता,’ आणि थोड्या वेळाने मरीया त्याच्या पायांशी पडून अक्षरशः तेच म्हणते. तक्रार एकच, पण मार्थेला येशू उत्तर देतो, तिच्याशी पुनरुत्थानाविषयी बोलतो, आणि मरीयेसमोर तो रडतो. हे वाचताना आपण चष्म्यावरून एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे पाहिलेत ते मला तेव्हा जाणवले, पण उमगले नंतर. त्या संपूर्ण पावसाळ्यात माझ्या प्रत्येक शंकेला आपण वचन काढून दाखवत होतात, घरी जाऊन आणखी संदर्भ शोधून फोनवर वाचून दाखवत होतात. आणि आईजवळ मात्र काहीही न बोलता मेथी निवडत बसत होतात. एका घरात मार्था आणि मरीया दोघी असतात, आणि दोघींना एकच सांत्वन लागू पडत नाही, हे आपण कधी उपदेशातून सांगितले नाहीत. आम्हाला ते प्रत्यक्ष मिळाले.

लाजर बाहेर आला त्या दिवशी मला वाटले होते की आता पप्पांना बरे होण्याची आशा दाखवली जाईल. आपण नेमके उलट केलेत. लाजर बाहेर आला तो हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेला होता आणि त्याला इतरांनी मोकळे करावे लागले. येशूच्या कबरेत मात्र पेत्राला तागाची वस्त्रे नुसती पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळलेला दिसला. लाजराला ती वस्त्रे पुन्हा एकदा लागणार होती, असे आपण शांतपणे म्हणालात. बाराव्या अध्यायात तर मुख्य याजक लाजरालाही जिवे मारण्याची मसलत करतात. म्हणजे लाजराला मिळाली ती वाढीव वर्षे; ख्रिस्ती माणसाची आशा त्या वाढीव वर्षांवर नसून, जो मेलेल्यांतून उठल्यावर पुन्हा मरत नाही असे पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो, त्याच्यावर आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसासमोर हे बोलायला केवढे धैर्य लागत असेल! पण त्या दुपारनंतर पप्पा अहवालांचे कागद मागेनासे झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले.

त्यांनी आपल्याला विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न मला शब्दशः आठवतो: ‘बाई, मातीत ठेवल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी कुठे असेन? मला काही कळेल का?’ आपण दोन्ही बाजू मांडल्यात. पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो; तर वधस्तंभावरच्या अपराध्याला येशू ‘आज’ सुखलोकात आपल्याबरोबर असशील असे सांगतो, आणि स्वतः पौलच फिलिप्पैकरांना आपल्याला सुटून जाऊन ख्रिस्ताजवळ असण्याची उत्कंठा आहे असे कळवतो. या दोन्हींची मोट बांधून नकाशा काढून देणे आपल्याला सोपे होते, पुष्कळ जण तो देतातही. आपण म्हणालात, ‘मला दिसते ते एवढेच की दोन्हीकडे तुम्ही ख्रिस्ताच्या हाती आहात, त्यापुढचे मी रचून सांगणार नाही.’ पप्पा शिक्षण खात्यात कारकून होते, न घडलेल्या गोष्टीची नोंद करायची नाही हा त्यांचा जन्माचा बाणा. आपल्या या उत्तरावर त्यांचा पूर्ण भरवसा बसला.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाकडे आपण आलात तोपर्यंत त्यांना एका दमात चार शब्दही बोलवत नव्हते. उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्यांची यादी पौल देतो, केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे बजावतो. हे पत्र वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी, साधारण इ. स. 55 च्या सुमारास लिहिलेले आहे, म्हणजे वाचणाऱ्याला त्या साक्षीदारांकडे जाऊन विचारता येत होते, हे आपण मला समजावलेत. पप्पांचे लक्ष मात्र पुढच्या वचनांवर होते. पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि जे पेरतो ते पुढे होणारे अंग नसून नुसता दाणा असतो, असे पौल लिहितो. नेवाशाकडच्या कोरडवाहू रानात पप्पांनी लहानपणी बाजरी पेरली होती. ते आपल्या सुकलेल्या मनगटाकडे पाहत राहिले आणि मग आपल्याला म्हणाले, ‘हे नुसतं बियाणं आहे तर.’ अशक्तपणात पेरले जाते आणि सामर्थ्यात उठवले जाते, ते वचन त्यांनी आपल्याकडून पुन्हा वाचून घेतले.

त्यांना ठाण्याच्या इतिहासाची आवड होती. 1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ख्रिस्तावरील विश्वासापायी ठार मारण्यात आले आणि जॉर्डन या धर्मगुरूने त्यांचे अवशेष सोपाऱ्यास नेऊन पुरले, हे ते हौसेने सर्वांना सांगत. एकदा ते खिन्न होऊन म्हणाले की, त्या हुतात्म्यांनी तलवारीपुढे विश्वास राखला आणि मला खोकल्यापुढे प्रार्थनाही जमत नाही. तेव्हा आपण मार्काच्या नवव्या अध्यायातील, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे शब्द काढलेत, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,’ आणि येशूने त्या माणसाला विश्वासाचे माप न मागता त्याच्या मुलाला बरे केले हे दाखवलेत. शिवाय ज्या दिवशी प्रार्थना जमणार नाही त्या दिवशी मंडळी ती तुमच्या वतीने करते आहे, असेही आपण सांगितलेत, आणि दर रविवारी प्रभुभोजनानंतर फोन करून ते कळवतही राहिलात.

दफनविधीबद्दल थोडेच लिहिते. कबरस्तानाच्या फाटकापाशी पाळकसाहेबांनी ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन वाचले, तेव्हा ते येशूने कबर उघडण्याआधी उच्चारले होते आणि ‘तू हे खरे मानतेस काय?’ या प्रश्नाला मार्थेने कबरेच्या तोंडावरची धोंड जागेवर असतानाच होकार दिला होता, हे मला ठाऊक होते. ते आपण शिकवले होते. माझा होकार तिथे मी मार्थेच्या मागे उभी राहून दिला.

आईविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. सगळे पाहुणे पांगल्यावर, घर रिकामे झाल्यावर, आपण तिच्याकडे येत राहिलात. तिला उपदेश नको होता. आपण तिला रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्तिगीते म्हणायला लावलीत, आणि एकदाच, एका संध्याकाळी, पंडिता रमाबाईंविषयी सांगितलेत: साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र आणण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतर करायला घेतले, 1921 साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी केडगावात त्यांनी ते काम सोडले नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत ते पुरे केले. आई म्हणाली, ‘रडत रडत केलं असेल.’ आपण म्हणालात, ‘हो, तसंच केलं असेल.’ दुसऱ्या दिवशी आईने पप्पांचे शास्त्र कपाटातून स्वतः खाली काढले.

आता ती रोज सकाळी माझी ऐरोलीची गाडी निघायच्या आधी मला अर्धे पान वाचून दाखवते. योहान संपून पेत्राचे पहिले पत्र सुरू झाले आहे, आणि पहिल्या अध्यायात ती एका प्रश्नावर अडली आहे: न पाहिलेल्या ख्रिस्तावर प्रीती करताना हर्ष होतो असे पेत्र लिहितो, पण पेत्राने तर त्याला पाहिले होते, मग न पाहणाऱ्यांच्या हर्षाविषयी त्याला इतकी खातरी कशी? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि तिला ते माझ्याकडून नकोच आहे. पुढच्या गुरुवारी ती आपली वाट पाहील. भाकरी आणि मेथीची भाजी करणार आहे, तेव्हा जेवून येऊ नये ही विनंती.

आपली कृतज्ञ,
कोपरी, ठाणे येथील आपली एक विद्यार्थिनी