कोंग्सबर्गच्या दादांना, तबलेवाल्याकडून

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

२०२४ च्या दौऱ्यात तुम्ही आमच्या बँडला सांभाळलंत, त्याबद्दल फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही हवामानावर येता. आमच्या स्वीडिश बासवालीने एवढा मोठा मेल पाठवला, त्यावर तुमचं उत्तर एका ओळीचं: वेडर्स (नदीत उभं राहायला घालतात त्या जलरोधक विजारी) नीट वाळले का? म्हणून आता हे चारचौघांत लिहितोय. शिवाय आपल्याकडची वाजवणारी मुलंमुली हल्ली जुलैत तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांच्याही हे कानावर पडलेलं बरं.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. कोंग्सबर्ग हे नॉर्वेमधलं जुन्या चांदीच्या खाणींचं गाव. गावाच्या मधोमध नुमेडाल्सलॉगेन नदी आणि तिचा धबधबा. १९६४ पासून तिथे दर जुलैत जॅझ महोत्सव भरतो. तिकडचे असे महोत्सव बरेचसे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. आमचे दादा त्यांपैकीच एक: वर्षभर इंजिनिअर आणि महोत्सवाच्या दिवसांत ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे. खाडीच्या कडेला गळ टाकून बसायची लहानपणची सवय त्यांनी नॉर्वेतही सोडली नाही, फक्त गळाला कोळंबीऐवजी पिसांची नकली माशी आली, म्हणजे फ्लाय फिशिंग.

आणि आमचा बँड म्हणजे डॅनिश सॅक्सोफोन, स्वीडिश बास, नॉर्वेजियन पियानो आणि मी. मला सोडलं तर तिघेही फ्लाय फिशिंगचे वेडे. त्यांच्या दौऱ्याचा नकाशा पाहिला तर कळत नाही की कार्यक्रमांच्या मधे नद्या आहेत की नद्यांच्या मधे कार्यक्रम. पण वेड असलं तरी त्यात हिशेब आहे. उत्तरेकडचे महोत्सव बहुतेक जुलैत येतात: कोंग्सबर्ग, कोपनहेगन, फिनलंडमधलं पोरी, मग नॉर्वेतलंच मोल्डे. आणि नॉर्वेच्या बहुतेक नद्यांमध्ये सॅमनचा हंगाम जून ते ऑगस्ट. कार्यक्रम रात्री अकराला संपला तरी बाहेर माशी दिसेल एवढा उजेड असतो. स्टेजवरून उतरून कपडे बदलायचे आणि पाण्यात उभं राहायचं, हे तिथे कुणाला विचित्र वाटत नाही.

२०२४ मध्ये मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. आमचा कोंग्सबर्गचा कार्यक्रम जुलैच्या पहिल्या आठवड्यात होता आणि मोल्डेचा तिसऱ्या. मधे आठवड्याहून मोठी पोकळी, कारण मधला कार्यक्रम रद्द झाला. नॉर्वेत चार माणसांनी इतके दिवस हॉटेलात काढायचे तर दोन्ही कार्यक्रमांची बिदागी तिथेच संपते. बाकीच्यांचा बेत होता की तेवढे दिवस सॅमनच्या नदीवर काढायचे, परवाने आधीच घेतले होते. आणि २३ जूनला सरकारने ३३ नद्यांमधली सॅमनची मासेमारी बंद केली. समुद्रातून परतणारे मासे इतके कमी होते की हंगामाच्या ऐन मध्यात हा निर्णय घ्यावा लागला. गाऊला, ओर्कला यांसारख्या नावाजलेल्या नद्याही त्यात होत्या.

सॅक्सोफोनवाला त्या बातमीने असा बसला होता की जणू त्याच्या वाद्याची शेवटची रीड फुटली. तुम्ही स्टेशनवर आम्हाला घ्यायला आलात, त्याचं तोंड पाहिलंत आणि गाडीतच म्हणालात, "सॅमन विसरा. या वर्षी उघड्या नदीतही सॅमनच्या मागे लागायचं नाही. त्यांना वर जाऊ द्या." मला वाटलं आता भांडण होणार. पण तुम्ही पुढच्याच वाक्यात ओट्टा गावाजवळच्या केबिनचं बोललात, ओळखीच्या शेतकऱ्याची, हॉटेलच्या मानाने फारच स्वस्त. तिथल्या नदीत समुद्रातला मासा येतच नाही. ट्राउट आणि ग्रेलिंग, दोन्ही तिथलेच रहिवासी. सॅमनसाठी सरकारी फी वेगळी भरावी लागते, इथे तीही नको. जमीनमालकांचं स्थानिक कार्ड घेतलं की झालं.

हे सगळं तुम्ही आम्ही पोचायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं, हे मला नंतर पियानोवालीकडून कळलं. जुलैत अर्धा नॉर्वे सुट्टीवर असतो, तुमचीही तीच सुट्टी. ती तुम्ही आमच्या गाडीच्या चाकामागे घालवलीत. वहिनींनी त्यावर काय म्हटलं असेल ते मी विचारलेलं नाही.

केबिनला निघायच्या आधीची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण त्यावरून बासवाली तुमच्यावर चिडली होती आणि तिने अजून कबूल केलेलं नाही की ती चुकीची होती. तुम्ही तिचे वेडर्स, बूट, जाळं सगळं काढून घेतलंत आणि तुमच्या गॅरेजमध्ये जंतुनाशकाच्या टबात बुडवलंत. ते आदल्या आठवड्यात स्वीडनच्या नदीत भिजलेले होते. ती म्हणाली, वाळलेत. तुम्ही शिवणीत बोट घातलंत आणि ओलं बोट तिला दाखवलंत.

त्याचं कारण तुम्ही मला मोल्डेच्या वाटेवर रौमा नदीच्या काठाने जाताना सांगितलंत. गायरोडॅक्टिलस नावाचा अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी. १९७० च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्या पिल्लांबरोबर नॉर्वेत शिरला आणि पन्नासच्या आसपास नद्यांमध्ये पसरला. बाल्टिकच्या सॅमनला त्याचं फारसं काही वाटत नाही, नॉर्वेच्या सॅमनची पिल्लं मात्र त्याने मरतात. रौमाला तो १९८० च्या सुमारास लागला. शेवटी २०१३ आणि २०१४ मध्ये नदीत रोटेनोन हे मासे मारणारं विष सोडावं लागलं. म्हणजे परजीवी मारायचा तर त्याला अंगावर बाळगणारे मासेच मारायचे, आणि नंतर जतन करून ठेवलेल्या वाणापासून नदी पुन्हा भरायची. २०१९ मध्ये ती मुक्त जाहीर झाली. वर ट्रोलवेगनचा हजार मीटरचा सरळ कडा, खाली ते हिरवं-निळं पाणी. काठ्या गाडीतच राहिल्या. बासवाली खिडकीतून बघत होती आणि काही बोलत नव्हती.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी मासे धरायला गेलोच नव्हतो. गळाचीच भीती. तबलेवाल्याच्या बोटात काटेरी गळ घुसला तर तो उलटा निघत नाही, आणि मोल्डेला माझ्या जागी कोण बसणार? तुम्ही ते न सांगताच ओळखलंत. माझ्या डबीतल्या प्रत्येक माशीच्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलात, चष्मा दिलात, बोटं उघडी राहणारे लोकरी हातमोजे दिलेत. "पाणी थंड आहे, बोटं फुटली तर चाटी वाजणार नाही," म्हणालात. चाटीचं, म्हणजे तबल्याच्या कडेचं, नाव तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग शिकवणी. जॅझवाल्यांना एक खोड असते. दुसऱ्या बिअरला कुणीतरी म्हणतंच की काठी फेकणं म्हणजे तालच, नदी म्हणजे इम्प्रोव्हायझेशन. मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता उठून जातो. तुम्ही पहिल्याच फेकीला उलट सांगितलंत: "ताल विसर. तुझं मनगट सैल आहे, तेच नडतंय." आणि खरंच तसं होतं. वीस वर्षं गुरुजींनी मनगट मोकळं करायला लावलं, आणि इथे काठी मागे नेताना मनगट मोडलं की लाइन, म्हणजे गळाची दोरी, मागे गवतात पडते. कोपरापासूनचा हात एकसंध ठेवायचा, मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. तुम्ही माझं मनगट काठीच्या मुठीला चक्क रुमालाने बांधलंत. सॅक्सोफोनवाल्याने त्याचा फोटो काढून कोपनहेगनभर फिरवला, त्याबद्दल तुमचे आभार मी मानत नाही.

त्या बांधलेल्या हातानेच पहिला ग्रेलिंग आला. ओट्टा नदी हिमनद्यांचं गढूळ पाणी आणते, म्हणून तुम्ही आम्हाला संगमाच्या वर, नितळ पाण्याकडे नेलं होतंत. मासा हातभरही नव्हता, पण पाठीवरचं ते शिडासारखं पर उभं केलं तेव्हा मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात, वास घे. या माशाचं शास्त्रीय नावच थाइमच्या वासावरून पडलंय म्हणे. मला सरळ ओव्याचा वास आला. तुम्ही हसलात आणि म्हणालात की तुमच्या आईलाही आला असता. मग हात ओला करून त्याला पाण्यातच सोडवलंत.

ठेवले ते दोनच ट्राउट, तेही एका संध्याकाळसाठी. रवा, मालवणी मसाला, आणि कोंग्सबर्गहून डब्यात घेतलेली सोलकढी. स्वीडिश बासवालीने सोलकढी दोनदा मागितली. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की हॉटेलच्या नाश्त्याला आणि मुंबईच्या सुशीवाल्यांकडे दिसणारा नॉर्वेचा सॅमन हा पिंजऱ्यातला. तिथली पैदास मोठी, आणि तिथल्या माशांना लागणाऱ्या उवा आणि तिथून सुटलेले मासे हाच रानटी सॅमनला सगळ्यात मोठा धोका, असं तिकडचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगताहेत. त्या रात्री शेकोटीशी बराच वेळ वाद झाला. पियानोवालीचा भाऊ अशाच एका कंपनीत कामाला आहे, तिला ते झोंबलं. तुम्ही वाद जिंकायला गेला नाहीत, तिच्या भावाला काय काय करावं लागतं ते विचारत बसलात.

आणि परतीच्या गाडीत तुम्ही लावलेलं ते रेकॉर्डिंग. ओस्लोच्या रेनबो स्टुडिओत १९८६ मध्ये झाकीरभाई (हुसेन), हरिजी (चौरसिया), गिटारवाला जॉन मॅक्लॉक्लिन आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला यान गारबारेक एकत्र वाजवतात ते. मी ते शंभरदा ऐकलं असेल. पण त्या स्टुडिओच्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मालवणी माणसाच्या गाडीत कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही आवाज वाढवलात आणि झाकीरभाईंच्या एका तिहाईला (तोच बोल तीनदा वाजवून समेवर येतात ती) गियर बदललात. ती तिहाई तुम्ही चुकवली होती, पण मी बोललो नाही.

मोल्डेला आम्ही बरे वाजलो. का ते मी सांगू शकत नाही, एवढंच माहीत आहे की चौघेही झोप झालेले होतो, आणि हॉटेलच्या खोल्यांत एकमेकांना कंटाळून आलेलो नव्हतो.

आता कामाचं. पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते आम्ही ठेवून घेतलेले नाहीत. बासवालीने त्यातून तुमच्यासाठी काठीला लावायचं एक रीळ घेतलं आहे, ते घ्यावं लागेल. आमसुलं मी कुरियरने पाठवतोय, कस्टममध्ये अडकली तर मला कळवा. आणि सॅक्सोफोनवाला पुढच्या वेळी पोरीचा महोत्सव धरून फिनलंड करायचं म्हणतोय. तिकडे सरकारी फी वेगळी, परवाने वेगळे, हे मी त्याला सांगून थकलो. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर त्याला सी ट्राउटसाठी (समुद्रात जाणारा ट्राउट) चालतं तेच सगळीकडे चालतं असं तो धरून बसलाय. माझं तो ऐकत नाही. रविवारी त्याला तुम्हीच फोन करा, दुपारनंतर, सकाळी तो उठत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
तबलेवाला