सातच्या बातम्या आणि कालची सभा

सोलापूर,
रविवार, दि. १२ जून २०२२

चि. श्रावणीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू फोनवर विचारलेस, "नान्ना, प्रदीप भिडे यांच्याबद्दल तुम्हाला काय आठवते?" आणि मी "आवाज फार चांगला होता" एवढेच म्हणून फोन अम्माच्या हाती दिला. दूरदर्शनवर वर्षानुवर्षे मराठी बातम्या वाचणाऱ्या आणि परवाच वारलेल्या या निवेदकावरचे एक मिनिटाचे निवेदन तुला तुझ्या बातमीपत्रात स्वतः लिहून वाचायचे आहे आणि नोकरीला लागल्यापासून तुझ्यावर सोपवलेले हे पहिलेच लेखन आहे, हे ठाऊक असूनही मला त्या वेळी दुसरे काही सुचले नाही. काल संध्याकाळी आपल्या भागातल्या वाचनालयात त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सभा झाली. तिथून परतल्यावर बोलायचे राहून गेलेले बरेच काही मनात जमा झाले, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपल्या घरातली माणसे मोठ्याने का बोलतात, असे तू लहानपणी विचारायचीस. तुझ्या तातांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षे लूमवर, यंत्रमागावर काढली. लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावेच लागते आणि पाळी संपवून माणूस घरी आला तरी तो आवाज त्याच्या गळ्यातून उतरत नाही. कानही हळूहळू मंद होतात. मी कॉलेजात असताना आपल्या घरी टीव्ही आला, तेव्हा ताता संध्याकाळी सात वाजता आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवून समोर बसत. तेवढ्या आवाजात गाणी फाटून ऐकू येत, नाटकातले संवाद एकमेकांत मिसळून जात. बातम्या मात्र स्पष्ट कळत. भिडे वाचत असले की तातांना एकही शब्द कोणाला विचारावा लागत नसे. प्रत्येक शब्द पुरता उच्चारलेला, दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा, आणि बातमी कोणतीही असली तरी आवाज आपली पातळी सोडत नसे. आमच्या घरात इतक्या शांतपणे बोलणारा माणूस तोवर आलेला नव्हता, असे मी म्हटले तर तुला अतिशयोक्ती वाटेल, पण ती नाही.

माझे स्वतःचे कारण वेगळे होते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी, अशा वातावरणात मी वाढलो. माझ्या तोंडून 'भ'चा 'ब' आणि 'घ'चा 'ग' होत असे, आणि कोणत्या शब्दाला 'तो', कोणत्याला 'ती' आणि कोणत्याला 'ते' लावायचे, याचा गोंधळ तर नेहमीचाच होता. शाळेत एका शिक्षकांनी मला वर्गासमोर उभे करून एक उतारा वाचायला लावला आणि प्रत्येक चुकीवर वर्गाला हसू दिले. पुढे कित्येक वर्षे मी चारचौघांत मराठी बोलणेच टाळले. सातच्या बातम्या ऐकताना मात्र हसणारे कोणी नव्हते. निवेदकाने वाक्य वाचले की मी ते मनात पुन्हा म्हणून पाहत असे. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मला घेतले, त्यामागे शाळेतल्या गुणांपेक्षा ही संध्याकाळची शिकवणी अधिक होती. ताता शेवटपर्यंत 'बिडेसाहेब' म्हणाले. मला 'भिडे' म्हणता आले, ते त्यांच्यासारख्यांना ऐकूनच.

कालच्या सभेला पंचवीस-तीस माणसे होती, बहुतेक माझ्या वयाची किंवा त्याहून मोठी. फोटोला हार घातला होता, समई लावली होती. त्यांच्यापैकी भिड्यांना प्रत्यक्ष पाहिलेला एकही जण नव्हता आणि तरीही बोलताना दोघांचा आवाज दाटून आला, हे मी मुद्दाम लिहितो, कारण मुंबईत बसून तुला कदाचित असे वाटेल की ही आठवण मुंबई-पुण्यातल्या लोकांचीच आहे.

मग एका गृहस्थांनी मोबाईलवर आलेला संदेश वाचून दाखवला. त्यात भिड्यांना दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हटले होते. मी उठून सांगितले की तो मान डॉ. विश्वास मेहेंदळे यांचा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि गेल्या मंगळवारी वारलेले भिडे पासष्टीच्या आसपासचे होते, म्हणजे त्या वेळी ते शाळकरी मुलगा असणार. अशा प्रसंगी चुका काढू नयेत, असे कोणीतरी मागून म्हणाले. मला ते लागले, श्रावणी. ज्या माणसाने आयुष्यभर तपासलेली बातमीच लोकांपुढे वाचली, त्याच्या श्रद्धांजलीत न तपासलेली ओळ चालवून घ्यायची, हे मला पटत नाही. शिवाय एकाला मोठे करताना आपण दुसऱ्या हयात माणसाचे श्रेय नकळत काढून घेतो. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनीही त्याच केंद्रावरून बातम्या वाचल्या, हे सभेतल्या तरुण मंडळींना माहीतच नव्हते. चित्रपट आणि रंगभूमी यांच्यामुळे त्यांची ही बाजू झाकली गेली.

त्यानंतर बोलणे किल्लारीच्या भूकंपाकडे वळले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीहून दमून येऊन आम्ही नुकतेच झोपलो होतो, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी फडताळातली भांडी वाजू लागली. सगळी गल्ली रस्त्यावर आली. दिवसभर अफवांचे पीक होते. कोणी म्हणे धरण फुटले, कोणी म्हणे रात्री पुन्हा हादरा बसणार. जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणू लागले, तेव्हा घडले आहे ते केवढे मोठे आहे याचा अंदाज येऊ लागला. संध्याकाळी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक माणसे टीव्हीसमोर बसली होती. त्यांत तातांच्या कारखान्यातला एक कामगार होता, त्याची बहीण सास्तूरला दिलेली होती. बातम्यांत गावांची नावे एकेक करून आली आणि सास्तूरचे नाव आले, तेव्हा निवेदकाचा आवाज चढला नाही, कापला नाही, पुढच्या गावाकडे घाईने गेलाही नाही. तो माणूस उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि एसटी स्टँडकडे निघाला. त्याच्या मागून दोघे गेले. त्या घरातले कोणीही वाचले नव्हते, हे आम्हाला चार दिवसांनी कळले.

मी इतकी वर्षे त्या संध्याकाळचा विचार करतो आहे. बातमी सांगणाऱ्याने स्वतः हंबरडा फोडला असता, तर त्या भावाच्या दुःखाला त्या खोलीत जागा उरली नसती. हल्ली रात्रीच्या चर्चेत सहा-सात माणसे एकदम ओरडताना पाहिली की मला लूमचा कारखाना आठवतो; फरक एवढाच की तिथून निदान कापड तरी निघत असे.

त्या संध्याकाळी बातम्या भिड्यांनीच वाचल्या, असे काल एकाने ठामपणे सांगितले. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे एका स्त्री निवेदकाचे नाव घेतले. मला विचारले तेव्हा मी म्हणालो की इतिवृत्तात कोणाचेच नाव लिहू नका. सातच्या बातम्या वाचणारे अनेक होते, पण त्यांच्या वाचनाची शिस्त एक होती, म्हणून आठवणीत त्यांचे आवाज एकमेकांत मिसळले आहेत. यात भिड्यांचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. त्यांनी ती शिस्त वर्षानुवर्षे सांभाळली, आणि जाहिराती व माहितीपटांना आवाज देतानाही त्यांचे उच्चार तसेच नेटके राहिले.

तेव्हा तुझ्या एका मिनिटात 'काळाच्या पडद्याआड' आणि 'भरून न येणारी पोकळी' हे शब्द नकोत. छापखान्यात मी ते इतक्या निधनवार्तांत तपासले आहेत की त्यांतून आता कोणाचाच चेहरा दिसत नाही. ते कसे वाचत असत, ते सांग. त्यांचे एखादे वाक्य सापडले आणि ते त्यांचेच आहे याची खात्री नसेल, तर ते गाळ. किल्लारी घेऊ नकोस. ती आपल्या घरची आठवण आहे, तिला त्यांच्या नावाचा आधार नाही. आणि शेवटी दोन सेकंद थांबायला मिळाले तर थांब. तिथे संगीत लावण्याचा आग्रह झाला तर एकदा विनंती करून पाहा.

मजकूर तयार झाला की वाचण्याआधी मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी मी पाहून देईन. तुझे बातमीपत्र नेमके किती वाजता असते, ते अम्मा रोज विचारते, तेही कळव. शेंगाचटणी आणि कडक भाकरी शेजारच्या मुलाबरोबर पाठवली आहे, तो मंगळवारी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने दादरला उतरेल.

तुझे,
नान्ना