कॅमेरा माझ्याच हातात राहू देणाऱ्या ताईंना

ताई,

वयाने तुम्ही माझ्यापेक्षा लहानच असाल, तरी ताईच म्हणते. बागेतल्या बाकावर पाऊण तास माझ्याजवळ बसलात, त्याला आता महिना होईल. तो पाऊण तास आठवला की अजून गळा दाटून येतो.

तुम्ही भेटण्याआधी वर्षभर माझ्याकडे कॅमेरा होता आणि आईचा एकही धड फोटो नव्हता. ती दिवसभर खिडकीपाशी बसते. फोटो काढला की खिडकी छान यायची आणि आईच्या जागी नुसती काळी आकृती. ज्याला विचारलं त्याने आधी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. विकणाऱ्याने चार बटणं दाबून परत दिला, "आता सेटिंगला हात लावू नका" म्हणाला. क्लासच्या सरांनी तर फोटो धड पाहिलाही नाही. या लेन्सवर असंच येणार, महागातली घ्या, म्हणाले. पैसे भरून तीन महिने तिथे गेले, लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारे एफ-नंबर तोंडपाठ केले, आणि आईचा चेहरा काळा तो काळाच. मला नेमका कसला फोटो काढायचा आहे, हे त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. मी सवयीने कॅमेरा तुमच्यापुढे धरला. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत आणि म्हणालात, "तुमच्याच हातात राहू दे."

ताई, हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच आहे. फोटो उजळ किंवा गडद करायचं प्लस-मायनसचं बटण मला सापडेना, मध्येच स्क्रीन बंद पडायचा, तुमचे हात मात्र मागेच. ज्याला एखादी गोष्ट येते त्याला, न येणाऱ्यासाठी थांबणं फार जड जातं. हात शिवशिवतात. तुमचेही शिवशिवले असतील. तरी तुम्ही थांबलात, आणि ते बटण माझ्या बोटाला सापडलं. आता अंधारातही सापडतं.

आणि तो पांढरा रुमाल! आधी तो फ्रेमभर घ्यायला लावलात, मग तुमची काळी बॅग. स्क्रीनवर दोन्ही सारखेच राखाडी. मी बघतच राहिले. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला रुमालही कळत नाही आणि बॅगही. समोर जे असेल ते मध्यम राखाडीच आहे असं धरून तो प्रकाश ठरवतो. तुम्ही एवढं सांगितलंत आणि खिडकीचं कोडं माझं मलाच सुटलं. मागचा लख्ख उजेड पाहून कॅमेरा सगळा फोटोच अंधारा करत होता, त्यात आई बुडत होती. लेन्स बिचारी चांगलीच होती.

एफ-नंबराचंही तसंच. आकडा मोठा तर छिद्र लहान का, असं क्लासमध्ये विचारल्यावर "पाठ करा" एवढंच उत्तर मिळालं होतं. तुम्ही भागाकार करायला लावलात. ५० मिलिमीटरची लेन्स, भागिले एफ-नंबर २, छिद्र २५ मिलिमीटर. भागिले ४, साडेबारा. व्यास निम्मा, म्हणजे प्रकाश पाव. तीन महिने पाठ केलेलं दोन मिनिटांत समजलं.

घरी येऊन आईला तशीच खिडकीत बसू दिलं. त्या प्लस-मायनसच्या बटणाने आधी +१ केलं, म्हणजे प्रकाश दुप्पट. चेहरा थोडा उजळला. मग +१.७. खिडकी पांढरीफटक झाली, बाहेरची झाडं पुसली गेली. "झाडं गेली तर जाऊ द्या, तुम्हाला आई हवी आहे ना?" हे तुमचं वाक्य कानात होतं. आणि आई दिसली. डोळ्याखालचा तीळ, ओठांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या, सगळं. तिने स्वतःला कितीतरी वेळ पाहिलं.

परवा तिनेच कॅमेरा मागितला. माझा फोटो काढायचा म्हणाली. तिच्या थरथरत्या बोटांना बटण सापडायला बराच वेळ लागला. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.